एक ना धड, भाराभर ट्युटोरियल्स!

रात्रीचे दीड वाजलेत. मेसचे दिवे केव्हाच मालवलेत, कॉरिडॉरमध्ये कुणीतरी चार्जर मागत फिरतंय आणि आमच्या रूममध्ये मात्र सोहळा चाललाय. कसला? तर पलीकडच्या विंगमधला एक सिनियर हार्ड डिस्क घेऊन आलाय. तिच्यात म्हणे ‘सगळं’ आहे. ऑटोकॅड बेसिक, ऑटोकॅड अ‍ॅडव्हान्स, रेव्हिटचे तीन वेगवेगळे कोर्स, स्केचअप, रेंडरिंगची दोन सॉफ्टवेअर्स आणि शिवाय ढीगभर पुस्तकांच्या पीडीएफ. एकूण ४० जीबी! कॉपी व्हायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ आम्ही चौघं ती हिरवी पट्टी पुढे सरकताना अशी बघत बसलो होतो, जणू काही विद्या थेट डोक्यातच भरली जातेय. कॉपी पूर्ण झाली, सगळ्यांनी समाधानाचा सुस्कारा सोडला आणि आम्ही झोपलो.

हा प्रसंग सेकंड इयरचा. आज मी फायनल इयरला आहे. त्या ४० जीबीतलं किती बघितलं? प्रामाणिकपणे सांगतो, दोन जीबीसुद्धा नाही. पण तो फोल्डर पुढे सहा जणांना मोठ्या उदार मनाने कॉपी करून दिला, हे मात्र खरं!

मित्रांनो, सॉफ्टवेअर कशावरून शिकावं हे सांगणारा मी काही टॉपर नाही. उलट चुकीच्या रीतीने शिकलं की काय होतं याचा मी चालता-बोलता नमुना आहे. म्हणून आधी एका दाराची गोष्ट सांगतो. सल्ला नंतर.

थर्ड इयरच्या सुट्टीत मी एका आर्किटेक्ट मॅडमच्या ऑफिसात इंटर्नशिपला लागलो. छोटं ऑफिस, चार टेबलं, सगळं काम ऑटोकॅडवर. पहिल्याच दिवशी मी ऐटीत सांगून टाकलं, “मॅडम, मला रेव्हिट येतं.” येतं म्हणजे काय, तर एका अमेरिकन सरांच्या ३२ व्हिडिओंपैकी १९ बघून, ते जे जे क्लिक करतील ते ते क्लिक करत मी त्यांच्यासारखंच एक घर उभं केलं होतं.

त्यावेळी एका बंगल्याचं काम चालू होतं. आरसीसीचा सांगाडा उभा होता, वीटकाम सुरू व्हायचं होतं. घरच्या काकूंना मागच्या अंगाला, धुण्याभांड्याच्या जागेकडे जायला एक दार हवं होतं. मॅडम म्हणाल्या, “कुठे बसतंय ते बघ, मग आपण बोलू.” मी रात्री जागून अख्खं घर रेव्हिटमध्ये उभं केलं. मागच्या भिंतीला जिन्यापाशी छान रिकामी जागा सापडली. तिथे दार टाकलं. बाहेरून रेंडर काढला; अंगण, तुळशीवृंदावन, संध्याकाळचं ऊन, सगळं! मॅडम दोन दिवस परगावी होत्या. मला कुठला धीर? मी काकूंना तो रेंडर दाखवला. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी चहाबरोबर शंकरपाळ्याही दिल्या. मग मी प्रिंट घेऊन थेट साइटवर गेलो.

मिस्त्रींनी कागद हातात घेतला, एकदा सांगाड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “साहेब, ह्या दारातनं मांजर जाईल. काकू कशा जातील?”

काय झालं होतं? मजल्याची उंची ३००० मिमी. १८ चढाव, म्हणजे प्रत्येक पायरी साधारण १६७ मिमी. मधला लँडिंग बरोबर निम्म्यावर, १५०० मिमीला. त्यातून स्लॅबची १५० मिमी जाडी वजा केली की खाली उरतात १३५० मिमी, जेमतेम साडेचार फूट! आणि मी तिथे २१०० मिमी उंचीचं दार टाकलं होतं. नॅशनल बिल्डिंग कोड जिन्याखालून जायचं असेल तर २.२ मीटर मोकळी उंची मागतो. मी कॉम्प्युटरवर इमारत उभी केली होती, पण तिच्यातून एकदाही चालत गेलो नव्हतो.

गंमत म्हणजे सॉफ्टवेअरने मला फसवलं नव्हतं. प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण १२०० मिमीवर घर आडवं कापून वरून बघितलेलं चित्र. जिन्याचा जो भाग त्या पातळीच्या वर असतो तो रेव्हिट तुटक रेषांनी दाखवतं. माझ्या दारापुढे त्या तुटक रेषा होत्या की! ‘डोक्यावर काहीतरी आहे’ असं त्या ओरडून सांगत होत्या. पण ३२ व्हिडिओंच्या त्या मालिकेत तुटक रेष कशी वाचायची हे मी बघितलेल्या १९ मध्ये तरी नव्हतं. बाहेरून काढलेल्या रेंडरमध्ये बंद दारामागचा लँडिंग दिसायचा प्रश्नच नव्हता.

मॅडम परत आल्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “सेक्शन काढला होतास?” मी गप्प. एक सेक्शन, एक उभा छेद, दोन मिनिटांचं काम. दार शेवटी स्वयंपाकघरातून काढावं लागलं आणि काकूंचा ओटा तीन फुटांनी आखूड झाला. वाटेत मॅडमबरोबर ते सांगायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, “चित्रात तर किती छान दिसत होतं रे!” मिस्त्रींच्या टोमण्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. कारण त्यांनी माझ्या चित्रावर विश्वास ठेवला होता.

असो. तर मुद्दा असा, की आपण सॉफ्टवेअर शिकायची साधनं निवडतो ती बटणं मोजून. ‘ह्या कोर्समध्ये १५० कमांड आहेत’, ‘त्या पुस्तकाची १२०० पानं आहेत’. आणि माझं म्हणणं आहे की नेमकी हीच निवड चुकते. जे पुस्तक किंवा जो व्हिडिओ आपल्याला इमारतीकडे परत पाठवतो तोच घ्यावा. जो फक्त स्क्रीनवर खिळवून ठेवतो तो कितीही चकचकीत असला तरी सोडावा. आणि घ्यावं ते एकच. एक पुस्तक, एक व्हिडिओ मालिका. पूर्ण करायची. बस्स.

हे काही माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरेश भवनानी, बॉनी जॉन आणि उलरिच फ्लेमिंग यांनी कॅड वापरणाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९९९ साली त्यावर निबंध मांडला. त्यांना दिसलं ते असं, की माणसाला कमांड सगळ्या येत असतात, अनुभवही असतो, तरी काम मात्र तो लांबच्या वाटेनेच करत राहतो. कमांड माहीत असणं वेगळं आणि काम कसं फोडायचं, आधी काय काढायचं, कशाचा गट करायचा, कशाच्या प्रती काढायच्या हे कळणं वेगळं. हे दुसरं आपोआप येत नाही, ते शिकवावं लागतं. म्हणून त्यांनी त्याचा वेगळा अभ्यासक्रमच आखला. आपल्याकडे लॅबच्या मॅन्युअलमध्ये मात्र अजूनही कमांडची यादीच पहिल्या पानावर असते, नाही का?

पुस्तक निवडताना

‘आता पुस्तक कोण वाचतं?’ असं म्हणून पान उलटू नका. पुस्तकाचा एक गुण व्हिडिओत नाही: पुस्तक तुमची वाट बघतं. तुम्ही अडलात की तेही थांबतं. शिवाय त्याला सूची असते. रात्री तीन वाजता ‘व्ह्यूपोर्टचा स्केल लॉक कसा करायचा’ हे सूचीतून अर्ध्या मिनिटात सापडतं. तेच ५० मिनिटांच्या व्हिडिओत शोधून बघा!

पण दुकानात किंवा लायब्ररीत पुस्तक हातात घेतल्यावर बघायचं काय? पहिलं, आवृत्ती. मात्र आवृत्तीला घाबरूनही जाऊ नका. ऑटोकॅड १९८२ साली आलं आणि रेष, ऑफसेट, ट्रिम ही त्याची जुनी मंडळी आजही तशीच कामाला आहेत. बदल कुठे होतो ते कळलं की झालं. उदाहरणार्थ, जुन्या पुस्तकात ट्रिमसाठी आधी कापणारी कड निवडायला सांगतात; २०२१ च्या आवृत्तीपासून ती न निवडताच थेट कापता येतं. एवढ्यासाठी जुनं पुस्तक टाकून द्यायचं कारण नाही. रेव्हिटचं मात्र तसं नाही. त्यात २०१३ च्या आवृत्तीत जिना काढायची पद्धतच बदलली. तिथे फार जुनं पुस्तक घेतलंत तर जिन्याच्या प्रकरणात पाय घसरलाच म्हणून समजा. आणि हो, रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून पुस्तक घेण्याआधी, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकण्याआधी, लॅबमध्ये कुठली आवृत्ती आहे ते विचारून या. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळणं फार महागात पडतं!

दुसरं, पुस्तकात काम एकसंध आहे का? जॉर्ज ओमुरा यांचं ‘मास्टरिंग ऑटोकॅड’ मला आवडलं ते याच कारणाने. आधी बाथरूम, मग एका खोलीचं घर, मग त्या घरांची इमारत असं ते चढत जातं. कमांड त्या ओघात येते. ‘आज सर्कल, उद्या आर्क’ असला प्रकार नाही. शाम टिकू यांच्या पुस्तकांत प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न आणि सराव असतात. ज्याला स्वतःची परीक्षा घ्यायची सवय लावायची आहे त्याला ती चांगली.

तिसरं, आणि हे मी सर्वात वर ठेवेन: सॉफ्टवेअरच्या पुस्तकाशेजारी एक इमारतीचं पुस्तक उघडं असलं पाहिजे. शहा, काळे आणि पत्की यांचं ‘बिल्डिंग ड्रॉइंग’ आपल्या लायब्ररीत पडून असतं. परीक्षेच्या आधी आठवडाभर त्याच्यावर झुंबड, एरवी धूळ. त्यातला जिन्याचा एक सेक्शन मी नीट बघितला असता तर काकूंचा ओटा वाचला असता. फ्रान्सिस चिंग यांचं ‘बिल्डिंग कन्स्ट्रक्शन इलस्ट्रेटेड’ १९७५ पासून नव्यानव्या आवृत्त्यांत निघतंय. त्यातलं बांधकाम अमेरिकन आहे, पण इमारत कापून आत कसं बघायचं हे त्या चित्रांइतकं क्वचितच कुणी शिकवतं. आणि इमारतीच्या ड्रॉइंगचे आपल्याकडचे संकेत हवे असतील तर भारतीय मानक आयएस ९६२ आहेच.

व्हिडिओ निवडताना

व्हिडिओला नावं ठेवायची नाहीत मला. हात कसा चालतो हे पुस्तकात कळत नाही. एका हाताने माउस, दुसऱ्याने कीबोर्ड, डोळे कमांड लाइनवर, ही लय बघूनच येते. पूर्वी ही लय शिकायला सिनियरच्या खांद्यावरून डोकावावं लागायचं आणि सिनियरचा मूड असावा लागायचा! आता ती सोय घरबसल्या झाली. प्रश्न फक्त कुणाच्या खांद्यावरून डोकावायचं एवढाच.

माझ्या चार कसोट्या सांगतो.

एक, शिकवणारा चुकतो का? आणि चुकला तर ती चूक ठेवतो की कापून टाकतो? सगळं सरळसोट, एकाही ठिकाणी न अडखळता करणारा माणूस बघायला छान वाटतो. पण आपण एकटे बसलो आणि भिंती जुळेनाशा झाल्या की त्याचा काडीचा उपयोग नसतो. जो म्हणतो, “अरे, हे जुळलं नाही, बघू का नाही जुळलं,” तो खरा मास्तर.

दोन, तो ‘हे दाबा’ म्हणतो, की ‘हे का दाबायचं’ तेही सांगतो? पहिल्या दहा मिनिटांत एकदाही ‘कारण’ हा शब्द आला नाही तर खुशाल बंद करा.

तीन, त्याचं घर कुठल्या देशातलं आहे? हे हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकन व्हिडिओत भिंत म्हणजे लाकडी किंवा पत्र्याचा सांगाडा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड. मापं फूट-इंचात. आपल्या भिंती विटांच्या, २३० आणि ११५ मिमीच्या, वर प्लास्टर, नाहीतर ब्लॉकच्या. आपल्याला खिडकीवर छज्जा लागतो, बाथरूमचा स्लॅब खाली घ्यावा लागतो, ओटा लागतो, माळा लागतो. यातलं काहीच त्या व्हिडिओत नसतं, आणि म्हणून ते आपल्या मॉडेलमध्येही नसतं! ऑटोकॅडमध्ये सुरुवातीलाच ‘अकॅड’ नावाचं टेम्प्लेट घेतलं तर माप इंचात, ‘अकॅडआयएसओ’ घेतलं तर मिलिमीटरमध्ये. हे माहीत नसलेल्या आमच्या एका मित्राची बाहेरून आणलेली खुर्ची खोलीपेक्षा मोठी झाली होती. एका इंचात २५.४ मिमी असतात हे त्या दिवशी त्याला कायमचं पाठ झालं. परदेशी व्हिडिओ बघूच नका असं मी म्हणत नाही. बघा, पण भिंत त्यांची तशीच्या तशी उचलू नका.

चार, व्हिडिओ शेवटी कुठे पोचतो? रेंडरवर संपतो की ड्रॉइंग शीटवर? मालिकेच्या यादीत ‘सेक्शन’, ‘डायमेन्शन’, ‘शीट’, ‘प्लॉट’ हे शब्द शोधा. नसतील तर ती मालिका चित्र काढायला शिकवते, घर बांधायला नाही. साइटवर मिस्त्रींच्या हातात रेंडर जात नाही, १:५० चा कागद जातो.

भाषेबद्दलही थोडं बोलायला हवं. इंग्रजी उच्चार कळत नाहीत म्हणून आपल्यातले कितीतरी जण गप्प बसतात आणि मग नुसतं हात बघून नक्कल करतात. मीही त्यातलाच. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. त्यांची पद्धत चांगली आहे: अर्ध्या स्क्रीनवर पाठ, अर्ध्या स्क्रीनवर आपलं काम. ही पद्धत आपल्या कुठल्याही व्हिडिओला लावता येईल. समजत नसेल तर हिंदी किंवा मराठी मालिका घ्यायला लाजू नका. मात्र वरच्या चार कसोट्या तिलाही लावा. मराठीत बोलला म्हणून ‘का’ सांगायची सूट कुणाला नाही.

आणि बघायची रीत? दहा मिनिटं बघा. व्हिडिओ बंद करा. कोऱ्या फाइलवर तेच स्वतः करा, पण माप बदलून. त्याने मजला ३००० चा केला असेल तर तुम्ही ३३०० चा करा. माप बदललं की नक्कल चालत नाही, डोकंच चालवावं लागतं. जमलं तर पुढचा व्हिडिओ. नाही जमलं तर तोच पुन्हा. या हिशोबाने ४० जीबी संपवायला सात जन्म लागतील, पण एक मालिका एका सुट्टीत होते.

‘पण इंटरव्ह्यूला किती सॉफ्टवेअर येतात ते विचारतात ना!’ असं माझा रूममेट म्हणतो. विचारतात, बरोबर आहे. रेझ्युमेवर सहा नावं असली की भारदस्त वाटतं हेही खरं. पण त्यातलं एक ड्रॉइंग समोर ठेवून ‘ही तुटक रेष कसली?’ असं कुणी विचारलं, तर सहाही नावं एकदम पोरकी होतात. हे मी वाचून नाही, भोगून सांगतोय.

सर आणि मॅडमनाही एक नम्र विनंती. लायब्ररीत सॉफ्टवेअरची पुस्तकं मागवताना लॅबमधली आवृत्ती बघून मागवावीत, आणि ‘बिल्डिंग ड्रॉइंग’सारख्या पुस्तकाची एक प्रत कॅड लॅबमध्येच ठेवावी, कॉम्प्युटरशेजारी. कपाटात कुलूपबंद नको! आणि व्हायव्हात ‘ऑफसेटचा शॉर्टकट काय?’ याऐवजी एकदा ‘इथून सेक्शन काप आणि काय दिसेल ते सांग’ असं विचारावं. पहिल्या वर्षी आम्ही सगळे आपटू, हे मान्य. पण दुसऱ्या वर्षापासून पोरं वेगळे व्हिडिओ शोधू लागतील.

शेवटी एक गृहपाठ, ज्याला एक जीबीही लागत नाही. आपल्या हॉस्टेलचा जिना मोजा. टेप, कागद, पेन्सिल घ्या. पायऱ्या मोजा, लँडिंगची उंची घ्या, आधी हाताने सेक्शन काढा. मगच ऑटोकॅड उघडा. मी परत आल्यावर हेच पहिलं केलं. आणि एक शोध लागला. आमच्या विंगच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटरने कमी भरली. कारण तळमजल्यावर जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली आहे. जमीन वर आली, पायरी तिथेच राहिली. तीन वर्षं मी रोज तिथे अडखळत होतो आणि दोष चपलेला देत होतो!

रेव्हिटला सांगितलं असतं तर त्याने १८ च्या १८ पायऱ्या अगदी सारख्या काढून दिल्या असत्या.

— अंतिम वर्ष, स्थापत्य विभाग